खोटं निशाण

'फॉल्स फ्लॅग' हा इंग्रजी शब्द गेल्या काही वर्षांत आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. कुठे स्फोट झाला, कुठे गोळीबार झाला, की जखमींना इस्पितळात पोचवेपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "अहो, हे फॉल्स फ्लॅग आहे!" म्हणजे काय, तर ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांनीच तो घडवून आणला आणि आळ दुसऱ्यावर घातला. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप गटावरही हा शब्द येऊन-जाऊन असतो. टाकणाऱ्याला तो मोठा हुशारीचा वाटतो. सगळे फसले, मी नाही फसलो, मला आतली गोष्ट कळली, असा एक भाव त्यात असतो.

आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवल्यामुळे असा एखादा शब्द फार कानावर पडू लागला की तो आला कुठून हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. या शब्दाचं कूळ शोधायला गेले तर तो थेट समुद्रावर घेऊन गेला. आणि गंमत म्हणजे तिथे तो शिवी नव्हता. तिथे त्याला चक्क नियम होते.

शिडाच्या जहाजांच्या काळात दूरवर दिसणारं जहाज कुणाचं हे ओळखायचं मुख्य साधन म्हणजे डोलकाठीवरचं निशाण. दुर्बिणीतून निशाण दिसलं की शत्रू की मित्र ते ठरायचं. मग खोटं निशाण लावून जवळ जायची युक्ती सुचायला कितीसा वेळ लागणार? चाच्यांनी ती वापरली, आणि मोठमोठ्या राजांच्या आरमारांनीही वापरली. मात्र आरमारांच्या बाबतीत हळूहळू एक रिवाज पक्का झाला. खोटं निशाण लावून जवळ जा, लावून पळून जा, चालेल. पण पहिली तोफ डागण्याच्या आधी खोटं निशाण उतरलं पाहिजे आणि आपलं खरं निशाण वर चढलं पाहिजे. मारणारा कोण आहे हे मरणाऱ्याला कळलं पाहिजे, एवढी किमान लाज.

याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला 'एमडेन' नावाची एक जर्मन क्रूझर बंगालच्या उपसागरात एकटी धुमाकूळ घालत होती. २२ सप्टेंबर १९१४च्या रात्री तिनं मद्रासच्या किनाऱ्यावरच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या. मद्रास हायकोर्टाच्या भिंतीवर त्या गोळीबाराची आठवण सांगणारी पाटी आहे. तमिळमध्ये तर 'एमडेन' हा शब्दच होऊन बसला. धूर्त, बिलंदर, कुणाला न बधणाऱ्या माणसाला तिकडे 'एमडेन' म्हणतात. तर या जहाजाला मुळात तीन धुराडी. कप्तान कार्ल फॉन म्युलर यानं कापडाचं चौथं खोटं धुराडं उभं केलं, म्हणजे दुरून ती चार धुराड्यांची इंग्रज क्रूझर वाटावी. २८ ऑक्टोबर १९१४च्या पहाटे ही चार धुराड्यांची 'एमडेन' पेनांग बंदरात सरळ शिरली. कुणी हटकलं नाही. आत रशियाची 'झेमचुग' ही क्रूझर नांगर टाकून उभी होती. म्युलरनं जर्मन निशाण चढवलं आणि मगच मारा केला. 'झेमचुग' बुडाली, बाहेर पडताना एक फ्रेंच विनाशिकाही बुडाली, आणि तिच्या पाण्यात पडलेल्या खलाशांना 'एमडेन'नं थांबून वर घेतलं. शत्रूच्या वर्तमानपत्रांनीही म्युलरला सभ्य गृहस्थ म्हटलं. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ 'सिडनी' या ऑस्ट्रेलियन क्रूझरनं 'एमडेन'चा खेळ संपवला.

योगायोग बघा. पुढच्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाची 'सिडनी' याच नावाची दुसरी क्रूझर अशाच एका खोट्या निशाणाला बळी पडली. १९ नोव्हेंबर १९४१ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून दूर तिला एक डच व्यापारी जहाज दिसलं. 'सिडनी' चौकशीला फार जवळ गेली. ते जहाज होतं 'कोरमोरान', जर्मनांचं सशस्त्र जहाज. 'सिडनी'वरचे सगळेच्या सगळे ६४५ जण गेले. जर्मन खलाशी बरेच वाचले. म्हणजे काय घडलं ते सांगायला फक्त जर्मनच उरले, आणि त्यांचं म्हणणं असं की आम्ही आधी डच निशाण उतरवलं, आमचं चढवलं, मग तोफा सोडल्या. ऑस्ट्रेलियात कित्येक वर्षं लोकांचा यावर विश्वास नव्हता. २००८मध्ये दोन्ही जहाजांचे सांगाडे समुद्रतळाशी सापडले, २००९मध्ये चौकशीचा अहवाल आला, आणि त्यात जर्मनांनी नियम मोडल्याचा आरोप फेटाळला गेला. निशाण आधी की तोफ आधी, या काही क्षणांच्या प्रश्नावर एक देश ६८ वर्षं वाद घालत होता. त्या रिवाजाचं वजन केवढं होतं ते यावरून कळतं.

अर्थात समुद्रावरही सगळे साव नव्हते. फेब्रुवारी १९१५मध्ये 'लुसिटानिया' या इंग्रज प्रवासी जहाजानं जर्मन पाणबुड्यांच्या भीतीनं अमेरिकन निशाण लावलं होतं, आणि त्यावर अमेरिकेनं इंग्लंडकडे तक्रार केली. तक्रार रास्तच होती. आज इंग्रज जहाजानं अमेरिकन निशाण लावलं, तर उद्या पाणबुडीवाला खऱ्या अमेरिकन जहाजाला का सोडेल? खोट्या निशाणाची किंमत खऱ्या निशाणाला मोजावी लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जमिनीवरच्या युद्धासाठी कायदा अधिक कडक झाला. १९०७च्या हेग नियमांत पांढऱ्या निशाणाचा, शत्रूच्या निशाणाचा आणि गणवेशाचा गैरवापर करायला बंदी आली. पण गैरवापर म्हणजे नेमकं काय? डिसेंबर १९४४मध्ये ओटो स्कोर्झेनी या जर्मन अधिकाऱ्यानं आपले काही सैनिक अमेरिकन गणवेशात अमेरिकन फौजेच्या मागे घुसवले होते. त्यातले जे पकडले गेले त्यांना हेर म्हणून गोळ्या घातल्या गेल्या. स्कोर्झेनीवर मात्र १९४७मध्ये खटला चालला आणि तो सुटला, कारण त्या गणवेशात प्रत्यक्ष लढाई केल्याचं शाबीत झालं नाही. म्हणजे पुन्हा तेच जुनं तत्त्व: सोंग घ्या, पण सोंगात असताना वार करू नका. १९७७मध्ये जिनिव्हा करारांना जी पुरवणी जोडली गेली, तिनं हे स्पष्टच लिहून ठेवलं, आणि समुद्रावरचा जुना रिवाज मात्र तसाच राहू दिला.

इथवर आपण शत्रूला फसवण्याबद्दल बोलत होतो. आपल्याला हे नवीन नाही. एप्रिल १६६३मध्ये शिवाजी महाराज पुण्यात शिरले ते शाइस्तेखानाच्याच फौजेतले दख्खनी शिपाई असल्याची बतावणी करून. वरातीची कथाही सगळ्यांना माहीत आहे. परतताना बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलतीकडे धाडल्याची हकीकत सांगतात, तिच्यावरून 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार आला. पण यात फसला कोण? शाइस्तेखान. लाल महालावरचा छापा आदिलशहानं घातला असं महाराजांनी कधी भासवलं नाही. उलट तो कुणी घातला हे साऱ्या हिंदुस्थानाला कळावं, हाच त्या धाडसाचा अर्धा हेतू होता. गनिमी कावा हा गनिमासाठी असतो. 'फॉल्स फ्लॅग'चा जो अर्थ आज आपण घेतो त्यात फसवायचं असतं ते आपल्याच लोकांना आणि जगाला. हा फरक शाळेतल्या मुलांनाही कळेल, पण टीव्हीवर बोलणाऱ्या बऱ्याच जणांना कळत नाही.

निशाण उतरवण्याची ती शेवटची अट विसाव्या शतकात कशी गळून पडली, ते बघायला मांचुरियात जायला हवं.

१८ सप्टेंबर १९३१. मुकडेन शहर (आजचं शेनयांग). तिथली दक्षिण मांचुरिया रेल्वे जपान्यांच्या मालकीची होती आणि तिच्या रक्षणासाठी जपानची क्वांटुंग फौज होती. रात्री दहा वाजून गेल्यावर रुळाजवळ स्फोट झाला. चिनी सैनिकांनी रेल्वे उडवली असं सांगून जपान्यांनी त्याच रात्री शेजारच्या चिनी छावणीवर हल्ला केला, सकाळपर्यंत शहर घेतलं, आणि काही महिन्यांत सगळा मांचुरिया घशात घातला. स्फोट घडवला होता क्वांटुंग फौजेतल्याच अधिकाऱ्यांनी. इशिवारा आणि इतागाकी ही कटातली मुख्य नावं. टोकियोच्या सरकारलाही विचारलेलं नव्हतं.

चीननं राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. राष्ट्रसंघानं चौकशी आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष लॉर्ड लिटन. नाव ओळखीचं वाटलं ना? १८७८चा देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणणारा व्हाइसरॉय लिटन, त्याचा हा मुलगा. जन्म सिमल्याचा, पुढे बंगालचा गव्हर्नर. बापाबद्दल मी वर्गात काय काय बोलत असे ते माझ्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. मुलानं मात्र काम चोख केलं. त्यांच्या १९३२च्या अहवालात एक साधी नोंद आहे. ज्या रुळावर स्फोट झाला, त्याच रुळावरून त्यानंतर थोड्याच वेळात चांगचुनहून येणारी गाडी गेली आणि मुकडेनला वेळेवर पोचली. बस्स. जपाननंच हे केलं असं अहवाल म्हणत नाही, भाषा अत्यंत संयमी आहे. पण ज्या घातपातानंतर गाडी वेळेवर येते, त्या घातपातासाठी अख्खा प्रांत कसा काय घेता, हा प्रश्न त्या एका नोंदीत येऊन जातो. फेब्रुवारी १९३३मध्ये राष्ट्रसंघानं अहवाल स्वीकारला, विरोधात मत एकच, जपानचं. जपानी प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले आणि पुढच्याच महिन्यात जपाननं राष्ट्रसंघ सोडला. कटाची उघड कबुली मात्र महायुद्ध संपून गेल्यावर, १९५६मध्ये, कटातल्याच हानाया नावाच्या अधिकाऱ्यानं दिली.

आता दुसरं ठिकाण. 'जर्मनीने १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर आक्रमण केले' हे वाक्य मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं असेल! पाठ्यपुस्तकात तेवढंच असे. आदल्या संध्याकाळची गोष्ट पुस्तकात मावत नाही. ग्लायविट्झ हे तेव्हा जर्मनीतलं, पोलंडच्या सरहद्दीजवळचं गाव. तिथे एक रेडिओ केंद्र होतं. ३१ ऑगस्टच्या रात्री आठच्या सुमाराला आल्फ्रेड नाउयॉक्स हा एसएसचा माणूस साथीदारांसह तिथे घुसला. आपण पोलिश बंडखोर आहोत अशा थाटात पोलिश भाषेत एक छोटीशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून वाचली. आणि जाताना पुरावा म्हणून तिथे एक प्रेत ठेवलं.

ते प्रेत कुणाचं होतं? फ्रांझ होनिओक. पोलिश लोकांविषयी उघड सहानुभूती असलेला, जर्मन नागरिक असलेला त्या भागातला एक साधा माणूस. आदल्या दिवशी त्याला पकडलं, गुंगीचं औषध दिलं, आणि केंद्रात आणून गोळी घातली. दुसऱ्या महायुद्धाचा पहिला बळी, असं त्याला म्हणतात. त्याच रात्री सरहद्दीवरच्या दुसऱ्या एका नाक्यावर छळछावणीतल्या कैद्यांना पोलिश गणवेश चढवून ठार केलं आणि प्रेतं पसरून ठेवली. या माणसांसाठी एसएसच्या लोकांचा सांकेतिक शब्द होता 'डबाबंद माल'. हा शब्द वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी राइशस्टॅगमध्ये हिटलरनं रात्रीच्या चौदा सरहद्दी घटनांचा हवाला दिला आणि आपण फक्त उलट गोळीबार करत आहोत असं सांगितलं. दहा दिवसांपूर्वीच, २२ ऑगस्टला, त्यानं सेनापतींना सांगून ठेवलं होतं की युद्धासाठी प्रचाराचं कारण मी देईन, ते पटण्याजोगं असो वा नसो. जिंकणाऱ्याला कुणी विचारत नाही. पण तो जिंकला नाही, म्हणून विचारलं गेलं. नाउयॉक्सनं नोव्हेंबर १९४५मध्ये न्यूरेंबर्गसाठी प्रतिज्ञापत्र दिलं आणि ग्लायविट्झची हकीकत जगाला कळली. गाव आता पोलंडमध्ये आहे, ग्लिवित्से. रेडिओचा लाकडी मनोरा अजून उभा आहे, एकशे दहा मीटर उंच.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला सोव्हिएत रशियानं आपल्याच माइनिला या गावावर तोफगोळे पडल्याचा बोभाटा केला, फिनलंडला जबाबदार धरलं आणि चार दिवसांत फिनलंडवर चाल केली. फिनलंडच्या तोफा तिथवर पोचतील इतक्या जवळ नव्हत्याच. आणि लोकशाहीवाले तरी साव होते का? १९६२मध्ये अमेरिकन सेनाप्रमुखांनी एक योजना मांडली होती. आपल्याच शहरांत घातपात घडवायचे, जहाज उडवायचं, आळ क्युबावर घालायचा. 'नॉर्थवुड्स' तिचं नाव. केनेडींनी ती नाकारली. कागद १९९७मध्ये उघड झाले. १९५४मध्ये इस्रायलच्या लष्करी गुप्तहेरांनी इजिप्तमधल्या अमेरिकन आणि ब्रिटिश संस्थांत छोटे स्फोट घडवले, स्थानिक लोकांवर शेकावं म्हणून. माणसं पकडली गेली आणि इस्रायलच्या संरक्षणमंत्र्याचं पद गेलं.

तेव्हा असं घडतच नाही असं मी म्हणत नाही. घडतं, घडलेलं आहे, सरकारं ते करतात. इंग्रजीत यासाठी समुद्रावरचा जुना शब्द उचलला गेला, पण मूळ अर्थ उलटा झाला. एमडेनच्या डोलकाठीवर शेवटी खरं निशाण चढलं. ग्लायविट्झला ते कधीच चढायचं नव्हतं.

मराठीत याला काय म्हणावं? 'तोतयेगिरी' म्हणावं तर तोतया हा माणसाचं सोंग घेतो, भाऊसाहेबांच्या तोतयासारखं. 'बनाव' जवळचा आहे, पोलीस आणि वार्ताहर तो रोज वापरतात. पण मला त्याहून आवडतो तो आपला 'कांगावा'. आपणच मारायचं आणि आपणच "मेलो, मेलो" म्हणून ओरडायचं. जुन्या बायका भांडखोर शेजारणीबद्दल हा शब्द वापरायच्या. मुकडेनला जपाननं जे केलं तो बनाव रचून केलेला कांगावाच होता. संगणकावरच्या हल्ल्यांत सध्या हाच शब्द वापरतात, तिथे मात्र 'तोतयेगिरी' बरोबर बसतं. २०१८च्या दक्षिण कोरियातल्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी संगणकयंत्रणा पाडणारा जो घातक प्रोग्राम सोडला गेला, त्यात उत्तर कोरियावर संशय जावा अशा खुणा मुद्दाम पेरल्या होत्या. २०२०मध्ये अमेरिकेनं त्याबद्दल रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं.

आता या शब्दाचा तिसरा जन्म, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

२७ फेब्रुवारी १९३३ला बर्लिनमधलं राइशस्टॅग जळलं. नाझी म्हणाले कम्युनिस्टांनी जाळलं, कम्युनिस्ट म्हणाले नाझींनीच जाळलं. दुसऱ्याच दिवशी नागरिकांचे हक्क गुंडाळणारा हुकूम निघाला. फायदा नाझींना झाला हे उघड, म्हणून त्यांनीच लावली असणार, असं आपण सहज म्हणतो. पण बरेच इतिहासकार आजही असं मानतात की मारिनस व्हान डर लुबे या डच तरुणानं एकट्यानं ती लावली. काहींना ते मान्य नाही. फायदा कुणाचा झाला यावरून कर्ता कोण हे ठरवता येत नाही, एवढं यातून घ्यावं. आमच्या गल्लीत पाऊस पडला की छत्रीवाल्याचा फायदा होतो.

पण आजचा 'फॉल्स फ्लॅग' नेमका याच तर्कावर चालतो. १४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत एका तरुणानं वीस मुलांना आणि सहा मोठ्या माणसांना गोळ्या घातल्या. मुलं सहा-सात वर्षांची. ती मोठी माणसं शाळेत काम करणारी. अॅलेक्स जोन्स नावाच्या एका रेडिओवाल्यानं सांगायला सुरुवात केली की हे सगळं नाटक आहे, लोकांच्या बंदुका काढून घेण्यासाठी सरकारनं रचलेलं. आईबाप नट आहेत, मुलं मेलीच नाहीत. लाखो लोकांनी ऐकलं. मग अनोळखी माणसं त्या आईबापांना धमक्या देऊ लागली, तुमचं मूल खरंच होतं याचा पुरावा द्या म्हणू लागली. काहींना घर बदलावं लागलं, पुन्हा पुन्हा बदलावं लागलं. २०२२मध्ये न्यायालयांनी जोन्सला जवळजवळ दीड अब्ज डॉलर भरपाई द्यायला सांगितली. त्याच वर्षी त्यानं न्यायालयात कबूल केलं की ती घटना शंभर टक्के खरी होती.

ज्या शिक्षकाच्या वर्गात पटावर नाव असलेलं एखादं मूल अचानक गेलं आहे, त्याला यातली क्रूरता वेगळी समजावून सांगायला नको. हजेरी घेताना त्या नावापाशी आवाज अडतो. ते नाव पटावर नव्हतंच असं कुणी येऊन सांगावं?

लुसिटानियाबद्दलचं ते वाक्य आठवा. खोट्या निशाणाची किंमत खऱ्याला मोजावी लागते. मुकडेन आणि ग्लायविट्झ खरोखर घडलं, म्हणून आज कुणीही उठून कुठल्याही प्रेताकडे बोट दाखवून 'डबाबंद माल' म्हणू शकतो. होनिओकला मारणाऱ्यांनी त्याच्या मरणाला खोटं बनवलं. सँडी हूकच्या मुलांना तर त्यांचं मरणही नाकारलं गेलं. आणि दोन्हीकडे वापरलेला शब्द एकच आहे.

मी आपली शाळामास्तरीणच. कुणी 'फॉल्स फ्लॅग' म्हटलं की मी विचारते, गाडी वेळेवर पोचली होती का? म्हणजे लिटनच्या नोंदीसारखी एखादी साधी, तपासता येणारी गोष्ट दाखवा. मुकडेनचं वेळापत्रक, नाउयॉक्सचं प्रतिज्ञापत्र, नॉर्थवुड्सचे कागद. खरे बनाव अशाच गोष्टींनी उघडे पडले. 'यात फायदा कुणाचा' या प्रश्नानं नुसता संशय घेता येतो.

शेवटी आपल्या मुंबईचं. २६ नोव्हेंबर २००८. दहा जण कराचीहून निघाले. वाटेत पोरबंदरचा 'कुबेर' हा मच्छीमार ट्रॉलर त्यांनी ताब्यात घेतला, खलाशांना मारलं, आणि तांडेलाकडून मुंबईजवळ आणवून मग त्यालाही मारलं. भारतीय किनाऱ्याकडे येणारी भारतीय बोट, कोण हटकणार? शिडाच्या जहाजांइतकी जुनी युक्ती. रबरी होडीतून कुलाब्याला मच्छीमार वस्तीशी उतरले. खिशात हैदराबादच्या एका कॉलेजची खोटी ओळखपत्रं होती. हल्ला चालू असतानाच वृत्तसंस्थांना ईमेल आला, जबाबदारी 'डेक्कन मुजाहिदीन'ची. हे नाव त्याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं. नावातच दख्खन, म्हणजे हल्लेखोर इथलेच, घरचेच, असं वाटावं. तेव्हा मुंबई पोलिसांच्या तपासाचे प्रमुख असलेले राकेश मारिया यांनी २०२०मध्ये आलेल्या आत्मचरित्रात म्हटलं आहे की कसाबनं बंगळुरूचा समीर चौधरी म्हणून मरावं, मनगटाला लाल दोरा असावा, असा बेत होता.

तो बेत फसला तो गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. हातात लाठी. त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरली ती सोडली नाही. ओंबळे गेले, पण कसाब जिवंत सापडला. बाकी नऊ जण मेले. दहावाही मेला असता तर आपल्या हाती दहा हिंदुस्थानी ओळखपत्रं उरली असती, आणि मग कोण कुणाला काय म्हणालं असतं याची कल्पनाच करवत नाही. कसाब बोलला, जबाब नोंदवले गेले, बोट आणि उपग्रह फोन सापडला. जानेवारी २००९मध्ये पाकिस्ताननं तो आपला नागरिक असल्याचं मान्य केलं, फेब्रुवारीत कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचंही मान्य केलं. तरीही २६/११ हा बनाव होता असं म्हणणारे तिकडे आहेत, आणि इकडेही निघाले होते.

२२ एप्रिल २०२५ला पहलगामजवळ बैसरनला २६ जणांना मारलं. महाराष्ट्राचे सहा, डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचे एक. त्या दिवशी 'द रेझिस्टन्स फ्रंट' नावाच्या संघटनेनं जबाबदारी घेतली, चार दिवसांत हात झटकले. पाकिस्तानच्या संरक्षणमंत्र्यांनी 'फॉल्स फ्लॅग' हाच शब्द वापरला. जुलै २०२५मध्ये अमेरिकेनं या फ्रंटला 'लष्कर-ए-तोयबा'चंच दुसरं नाव म्हणून दहशतवादी संघटनांच्या यादीत घातलं.